बीटलचा नवा क्लच थरथरतो: दुसरे किट मागवण्याआधी काय तपासायचे

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन उतरवले, बाजारातले नवे क्लच किट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) टाकले, इंजिन चढवले. आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना मागचा अर्धा भाग धडधडायला लागला. रिव्हर्सला तर सीटसुद्धा हलते. मेकॅनिक म्हणतो किट बोगस, किट विकणारा म्हणतो बसवण्यात गडबड. मग दुसरे किट येते, इंजिन पुन्हा उतरते आणि थरथर होती तिथेच राहते.

किट खराब निघतच नाही असे नाही. निघते, आणि ते टेबलावर कसे ओळखायचे हे पुढे दिले आहे. पण एअर-कूल्ड बीटलमध्ये या थरथरीचे मूळ बऱ्याचदा क्लचमध्ये नसतेच. ते गाडीखाली, अर्ध्या तासात तपासता येईल अशा जागी असते. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी. इंजिन उतरवणे ही शेवटची पायरी.

ही मापे मागे इंजिन आणि केबलचा क्लच असलेल्या बीटलची आहेत, १२०० सीसीपासून १६०० पर्यंत. तीच यंत्रणा असलेल्या फोक्सवॅगनच्याच कार्मन घिया गाडीलाही ती चालतात.

लक्षण नेमके कोणते?

“क्लच खराब आहे” एवढ्याने काही कळत नाही. चार वेगवेगळे आजार या एकाच नावाने सांगितले जातात.

क्लच सुटत नसेल, तर इंजिन चालू ठेवून पेडल तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना दातांचा वेग जुळवणारी रचना) नसतो, त्यामुळे क्लच प्लेट अजून फिरत असेल तर दात करकरतात. पहिल्या गिअरवर ही परीक्षा घेऊ नका. १९६१ नंतरच्या बहुतेक गाड्यांत पहिल्यालाही सिंक्रो आहे आणि तो दोष झाकून टाकतो.

क्लच स्लिप होत असेल, तर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, गाडीचा वेग चढत नाही.

आवाज येत असेल, तर तो केव्हा येतो ते ऐका. पेडलवर पाय टेकताच सुरू झाला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटवर टेकणारे). पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्समधले बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गाडी गिअरमध्ये असतानाच चिरचिर येत असेल, तर फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाच्या) मधल्या नटातले सुई बेअरिंग. या नटाला बाजारात ग्लँड नट म्हणतात.

आणि चौथी थरथर. बाकी तिन्ही आजारांची कारणे सरळ असतात. फसवते ती हीच.

पहिला संशयित: बाउडन ट्यूबचा झोळ

क्लचची केबल पेडलपासून गाडीच्या मधल्या टनेलमधून मागे येते. टनेलच्या मागच्या तोंडापासून गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या ब्रॅकेटपर्यंत ती एका लवचीक नळीतून जाते. ही बाउडन ट्यूब. ती सरळ ताणलेली नसावी, खाली झोळ घेऊन बसलेली असावी. नळीच्या दोन टोकांमध्ये सरळ रेषा धरली, तर मध्यभागी झोळ २५ ते ४५ मिमी हवा. डावे मागचे चाक काढले की पट्टीने मोजता येतो.

हा झोळ शोभेचा नाही. बीटलमध्ये इंजिनाला स्वतःचा आधार जवळजवळ नसतो. ते चार बोल्टांवर गिअरबॉक्सला लटकते आणि गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसतो. गाडी उचलताना ही सगळी जोडी थोडी डुलते आणि टनेलचे तोंड व ब्रॅकेट यांमधले अंतर कमी-जास्त होते. नळीला झोळ असेल, तर फक्त झोळ बदलतो, आतल्या केबलचा ताण तोच राहतो. नळी सरळ असेल, तर प्रत्येक डुलण्याला केबल ओढली जाते. मग क्लच क्षणभर सुटतो, पुन्हा पकडतो, त्या पकडीने इंजिन पुन्हा डुलते. हे चक्र म्हणजेच थरथर. अशा गाडीत जगातले सर्वात महाग किट टाकले तरी ती हलणारच.

उपाय स्वस्त आहे. नळीचे मागचे टोक आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये वायसर घाला. वायसर वाढले की नळी पुढे ढकलली जाते आणि झोळ वाढतो. ४५ मिमीच्या पुढे मात्र जाऊ नका. तिथे घर्षण वाढते, पेडल जड होते आणि केबल नळीच्या तोंडाशी एकेक तार करून तुटते.

बाजारात मिळणाऱ्या नळ्यांची लांबी सारखी नसते. आखूड नळी आली तर वायसरचा ढीग घालूनही झोळ येत नाही. म्हणून नवी नळी जुनीच्या शेजारी ठेवून मोजूनच घ्या. केबललाही हाच नियम. वर्षानुसार तिची लांबी बदलत गेली आहे. “बीटलची क्लच केबल द्या” एवढे बोलून काम होत नाही.

झोळ बदलला की पेडलची मोकळी चालही बदलते, ती लगेच लावून घ्या. पेडलवर बोट टेकून मोजलेली १० ते २० मिमी. केबलच्या मागच्या टोकाला विंग नट असतो. तो घट्ट केला की चाल कमी होते. नट फिरवताना केबलचे टोक लॉकिंग पक्कडीत धरून ठेवा, नाहीतर आतली केबल पिळली जाते आणि काही महिन्यांत तुटते. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत हे आटे इतके गंजतात की नट हलतच नाही. आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवावे, आणि बसवताना आट्यांना ग्रीस लावावे.

माउंट

तीन रबरी माउंट आहेत. गिअरबॉक्सच्या नाकाला एक, मागे दोन. तेल पिऊन रबर फुगलेले, तडकलेले किंवा धातूपासून सुटलेले असेल तर इंजिन हवे तसे नाचते. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, पहारीने गिअरबॉक्सचे नाक हलकेच वर उचलून पाहा. रबर आणि धातूच्या मध्ये फट उघडत असेल तर माउंट गेले. नाकाचे माउंट वर्षांनुसार वेगळे असते, जुने बरोबर घेऊनच दुकानात जा.

लाल किंवा काळ्या कडक युरेथेनची माउंट “थरथर थांबवतात” म्हणून विकली जातात. थरथर कमी होते, पण इंजिनची प्रत्येक कंपने थेट बॉडीत येतात. रोजच्या गाडीला साधे रबरच ठीक.

टनेलमधली नळी

हा दोष कमी गाड्यांत असतो, पण असला की सगळ्यांना चकवतो. टनेलच्या आत केबलसाठी एक लोखंडी नळी वेल्ड केलेली आहे. वेल्ड सुटले की पेडल दाबल्यावर केबलबरोबर नळीही सरकते. ओळखायची खूण अशी: मोकळी चाल आज लावली की आठवड्याने बदलते, पेडल दाबताना टनेलमधून कुरकुर येते, विंग नट आट्यांच्या शेवटाला पोचला तरी क्लच पूर्ण सुटत नाही. दुरुस्तीला टनेलला छोटी खिडकी पाडून नळी पुन्हा वेल्ड करावी लागते. पेट्रोलची लोखंडी नळीही त्याच टनेलमधून जाते, हे वेल्डरला आधी सांगा. टाकी रिकामी करून पेट्रोलची नळी दोन्ही टोकांना बंद करा आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवा.

तिथेच पेडलच्या दांड्यावर केबल अडकवायचा हूक असतो. तो झिजून पातळ झालेला असेल तर आताच बदला.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले आणि थरथर तशीच आहे, किंवा क्लच स्लिप होतोय, तर मात्र इंजिन उतरवण्याला पर्याय नाही.

किट मागवताना आणि बसवण्याआधी

बाजारातल्या किटची सर्वात महागडी चूक दर्जाची नसते, जोडीची असते. बीटलच्या रिलीज बेअरिंगच्या दोन पद्धती आहेत.

१९७० मॉडेलपर्यंत बेअरिंग केबलने हलणाऱ्या काट्याच्या दोन हातांवर क्लिपांनी अडकवलेले असते, त्याला मध्ये कशाचाच आधार नसतो. त्यासाठी प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांवर एक गोल कडी असते आणि बेअरिंग त्या कडीवर टेकते. १९७१ मॉडेलपासून गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती एक पक्की नळी आली. बेअरिंग त्या नळीवर सरकते आणि थेट बोटांवर टेकते, म्हणून प्रेशर प्लेटला कडी नसते.

जुन्या गिअरबॉक्सला बिनकडीची प्लेट लावली तर बेअरिंग मध्यावर राहत नाही, बोटांवर घासत भटकते. आधी आवाज, मग थरथर, मग बोटे कापली जातात. नव्या गिअरबॉक्सला कडीची प्लेट लावली तर कडी त्या नळीच्या आड येते.

आता महत्त्वाचे. किट इंजिनच्या वर्षावर ठरत नाही, गिअरबॉक्सच्या वर्षावर ठरते. आपल्याकडे राहिलेल्या बऱ्याच बीटलमध्ये पन्नास वर्षांत इंजिन किंवा गिअरबॉक्स कधीतरी बदललेला असतो, त्यामुळे आरसी बुकातल्या वर्षावर विसंबू नका. इंजिन उतरवून शाफ्टकडे पाहा, भोवती नळी आहे की नाही, आणि मगच किट मागवा. काही प्रेशर प्लेटवर कडी स्प्रिंग क्लिपांनी बसवलेली असते, ती काढून प्लेट दोन्हींकडे वापरता येते. शक्य तर अशीच घ्यावी.

दुसरे माप व्यासाचे. सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांत क्लच १८० मिमीचा आणि फ्लायव्हील १०९ दातांचे. बारा व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३० दात, आणि क्लच बहुधा २०० मिमीचा. शाफ्टचे स्प्लाइन (लांबीच्या दिशेने कोरलेले दात) मात्र दोन्हींकडे २४ च आहेत, त्यामुळे चुकीची क्लच प्लेटही शाफ्टवर छान सरकते आणि माणूस फसतो. जुन्या सहा व्होल्टच्या गिअरबॉक्समध्ये १३० दातांचे फ्लायव्हील घालायचे तर घंटीच्या (गिअरबॉक्सच्या क्लचभोवतीच्या कवचाच्या) आतून थोडी घासाई लागते.

क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा असलेली प्लेट घ्या. बिनस्प्रिंगची कडक प्लेट स्वस्त किटमध्ये आणि “हेवी ड्युटी” किटमध्येही येते, आणि गाडी उचलताना धक्के देते. त्याच हेवी ड्युटी किटमधली जोरकस प्रेशर प्लेट साध्या १३०० किंवा १६०० इंजिनला लावण्यात काही अर्थ नाही. पेडल जड होते, केबल आणि टनेलमधले वेल्ड ताणले जातात. पेडल दाबताना येणारा सगळा दाब फ्लायव्हीलकडच्या मुख्य बेअरिंगच्या काठावर पडतो. क्लच वाचवायला जाऊन क्रँककेस झिजवण्यासारखे आहे हे.

नवी प्लेट बसवण्याआधी शाफ्टवर चढवून फिरवा आणि काठाजवळ डायल गेज लावा. डोल ०.५ मिमीपेक्षा जास्त असेल तर प्लेट परत करा. कुरिअरमध्ये आपटलेल्या प्लेटा नेमक्या अशाच वाकतात आणि डोळ्यांना कळत नाही. प्रेशर प्लेट सपाट काचेवर ठेवून बोटांची टोके एका उंचीवर आहेत का पाहा. एखादे बोट खाली-वर असेल तर क्लच तिरका सुटेल आणि थरथर हमखास.

इंजिन उतरवताना

बॅटरी सोडा, मागचा पत्रा काढा, पेट्रोलची नळी बंद करा, ॲक्सिलरेटर आणि हीटरच्या केबल, कॉइल, जनरेटर, ऑइल प्रेशर स्विचच्या वायरी सोडवा. वायरींना चिकटपट्टी लावून नावे टाका. चार जोड आहेत, सगळे १७ च्या पान्याचे. खाली दोन नट, वर दोन बोल्ट. वरच्या उजव्या बोल्टावर स्टार्टरही बसलेला असतो. इंजिन सुमारे १०० किलोचे आहे. जॅक नीट मध्यावर घ्या आणि आधी साधारण १० सेंटीमीटर सरळ मागे ओढा, मग खाली घ्या. शाफ्ट अजून क्लच प्लेटमध्ये असताना इंजिन खाली झुकले की शाफ्टवर सगळा भार येतो आणि प्लेटचा मधला भाग वाकतो. नवे किट बसवताना, चढवण्याच्या वेळीही, हेच होते. पहिल्याच दिवशी थरथरणाऱ्या अनेक प्लेटा अशा वाकलेल्या निघतात.

जुन्या क्लचची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका.

तेल कुठून आले?

प्लेटवर तेल असेल तर नवी प्लेट टाकण्याआधी गळती बंद झालीच पाहिजे. तेल काळे, पातळ आणि फ्लायव्हीलच्या मागून बाहेर फेकलेले असेल तर इंजिनचे फ्लायव्हीलकडचे सील. जाड, गंधकासारख्या उग्र वासाचे आणि शाफ्टच्या कडेने आलेले असेल तर गिअरबॉक्सचे सील. फ्लायव्हीलच्या आतली रबरी रिंगही पाहा. इंजिन बाहेर असताना ही सीले बदलायला किती खर्च येतो ते पाहता, न बदलणे म्हणजे कंजूसपणा.

फ्लायव्हील काढावे लागले तर दोन गोष्टी मोजा. एक, क्रँकची पुढे-मागे हालचाल: ०.०७ ते ०.१३ मिमी. फ्लायव्हीलमागे नेहमी तीन पातळ चकत्या असतात. सील न लावता दोनच चकत्या घालून हालचाल मोजा, त्यातून ०.१० वजा करा, उरेल तेवढ्या जाडीची तिसरी. उदाहरणार्थ ०.४४ आले तर ०.३४ ची. दोन, डॉवेल पिनांची (फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणाऱ्या पिनांची) भोके. ती लांबट झाली असतील तर नट पूर्वी ढिला होता आणि ते फ्लायव्हील विश्वासाचे राहिले नाही. ग्लँड नट ३६ मिमीचा, आवळायचा जोर ३०० ते ३५० न्यूटन-मीटर. हे काम हातोडा मारून अंदाजाने होत नाही. लांब दांडा आणि फ्लायव्हील अडवायची पट्टी लागतेच. नटातल्या सुई बेअरिंगला मसूर डाळीएवढे ग्रीस, त्याहून जास्त नको. जास्तीचे ग्रीस गरम होऊन क्लच प्लेटवर उडते.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर तोंड मारून (पृष्ठभाग सपाट कापून) घ्या. लेथवाल्याला स्पष्ट सांगा की प्लेट घासते तो पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेट बसते तो पृष्ठभाग, यांच्या उंचीतला फरक मूळचा होता तेवढाच राहिला पाहिजे. फक्त एकच बाजू कापली तर प्रेशर प्लेटचा जोर बदलतो आणि मग स्लिपची तक्रार घेऊन पुन्हा इथेच यावे लागते.

बसवणे

नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेलाचा थर दिलेला असतो. तो थिनर किंवा ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा. फ्लायव्हीलही. त्यानंतर त्या पृष्ठभागांना बोट लावू नका. हा थर राहिला की पहिल्या काही गरम फेऱ्यांत तो जळून अस्तरावर चकाकी येते आणि मग थरथर सुरू होते. गाडी सर्व्हिसला आल्यावर “किटच खराब” ठरवले जाते ते बऱ्याचदा यामुळे.

क्लच प्लेटचा स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. स्प्लाइनवर मॉलिब्डेनमचे ग्रीस अगदी पातळ, लावून मग पुसून काढलेले. किटबरोबर येणारी प्लॅस्टिकची मध्य साधायची दांडी सुई बेअरिंगमध्ये घालून हलवून पाहा. ती खूप ढिली असते, तिच्या भरवशावर प्लेट मध्यावर येत नाही. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट मिळाला तर सोने. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, एका वेळी एक-दोन आटेच फिरवत, शेवटी २५ न्यूटन-मीटर. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला की प्लेटचे कव्हर वाकते.

काट्याच्या दांड्याचे बुश झिजले असतील तर बेअरिंग तिरके टेकते. दांडा हलवून पाहा, डाव्या बाजूचे बुश सहज मिळते. रिलीज बेअरिंग कधीही पेट्रोलने धुऊ नका, आत भरलेले ग्रीस निघून जाते. आणि घंटीतले स्टार्टरचे छोटे बुशही आत्ताच बदला. क्लचशी त्याचा संबंध नाही, पण स्टार्टरच्या शाफ्टचे टोक त्यातच फिरते आणि नंतर स्टार्टर ओढेना झाला की लोक नवा स्टार्टर घेत बसतात.

इंजिन चढवताना शाफ्ट घुसत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका. चौथा गिअर टाकून मागची चाके थोडी फिरवा, स्प्लाइन जुळतात. फट हाताने पूर्ण मिटली की मगच नट, ३० न्यूटन-मीटर.

चालू केल्यावर

पेडलची मोकळी चाल आणि बाउडन ट्यूबचा झोळ पुन्हा मोजा. पहिले ३००-४०० किलोमीटर चढावर अर्धा क्लच धरून उभे राहणे टाळा. नवे अस्तर बसेपर्यंत थोडी थरथर येऊ शकते आणि ती कमी होत जाते. वाढत जात असेल तर तेल, वाकलेली प्लेट किंवा बेअरिंगची चुकीची जोडी. पाचशे किलोमीटरला मोकळी चाल पुन्हा तपासा, कारण नवी केबल सुरुवातीला थोडी ताणतेच.

गाडी पावसाळाभर झाकून ठेवणार असाल तर दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून पेडल आठ-दहा वेळा पूर्ण दाबा. नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. चिकटलीच, तर इंजिन नीट गरम करून बंद करा, तिसरा गिअर टाका, पेडल दाबून धरा आणि मोकळ्या जागी स्टार्टरने गाडी पुढे ढकला. बहुतेक वेळा एका धक्क्यात सुटते.